मामांच्या साठीची सिगार

एका भाच्याचं पत्र आलं आहे. थोडं आटोपतं करून देतो:

"काका, सप्रेम नमस्कार. मी बडोद्यात मांजलपूरला राहतो, वय 31. दोन महिन्यांनी, मे अखेरीस, माझ्या मामांची साठीशांत आहे. मामा वर्षातून दोनच सिगार ओढतात, एक दिवाळीत आणि एक वाढदिवसाला, दोन्ही मामीला सांगून. 'एकदा हवानाची ओढून बघायची राहिली,' असं ते बऱ्याचदा म्हणतात. मी स्वतः ओढत नाही, त्यामुळे मला यातलं काही कळत नाही. अलकापुरीतल्या एका दुकानात क्युबाची रोबुस्टो (म्हणजे आखूड, जाडसर मापाची) 4,600 रुपयांना एक आहे, आणि त्याच मापाची निकाराग्वाची 1,500 ला. शिवाय ऑफिसातला एकजण दुबईहून आलेला कोहिबा या क्युबाच्या नावाजलेल्या सिगारचा 25 चा खोका 12,000 ला देतोय. काचेचं झाकण आहे, दिसायला फार देखणा. माझं बजेट पाच हजारांचं, पण खोका मामांना बारा वर्षं पुरेल म्हणून वर जायचीही तयारी आहे. एका सिगारला 4,600 मोजण्यासारखं खरंच काय असतं? की नुसते नावाचे पैसे?"

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

आधी खोक्याचं बोलतो, कारण तो माणूस तुला उद्या परत विचारणार. तो खोका घेऊ नकोस. क्युबातून रीतसर निघणारी सिगार काचेच्या किंवा पारदर्शक झाकणाच्या खोक्यात भरलीच जात नाही. खऱ्या लाकडी खोक्यावर हिरव्या रंगाचं सरकारी हमीचं तिकीट चिकटवलेलं असतं, त्यावर बारकोड असतो. तो क्रमांक हाबानोस या क्युबाच्या सिगार कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून ताडून बघता येतो. खोका उलटा केला की तळाला तापल्या शिक्क्याने उमटवलेलं 'हेचो एन कुबा' दिसतं, म्हणजे क्युबात बनवलेली, आणि 'तोतालमेन्ते आ मानो', म्हणजे पूर्ण हाताने. शेजारी शाईने कारखान्याची खूण आणि भरल्याचा महिना व वर्ष. आता हिशेब कर. 12,000 ला 25, म्हणजे एक 480 ला पडली. कोहिबाच्या किमती 2022 साली जगभर एकदम चढवल्या गेल्या. त्याआधीही दुबईत या भावात खरी कोहिबा मिळत नव्हती. ऑफिसातल्या माणसाला लबाड समजू नकोस, बहुतेक तोही फसलेला आहे. त्याला तिकीट आणि तळ दाखवायला सांग, म्हणजे त्याचं त्यालाच कळेल.

आता तुझा खरा प्रश्न. मी 28 वर्षं चरोतरात तंबाखूच्या खरेदीत काढली. आणंद, बोरसद, पेटलाद हा आपल्या बडोद्याला लागून असलेला सगळा पट्टा बिडीच्या तंबाखूचा. जानेवारी-फेब्रुवारीत पान तयार झालं की मी सकाळी सहाच्या गाडीने निघायचो. तिथे तंबाखूच्या वखारीला खळी म्हणतात. खळीत पाऊल टाकलं की आधी पाच-सात शिंका, मग काम. पान हातात घ्यायचं, अंगठा आणि तर्जनीत चोळायचं. चांगल्या पानाचा चिकटा बोटांना असा बसतो की साबणाने तीनदा हात धुतले तरी दुपारी भाकरीचा पहिला घास कडू लागतो. त्या कडवटपणावरून मी भाव ठरवलेत. सिगारचं पान वेगळ्या जातीचं आणि वेगळ्या मशागतीचं, पण पान कळलं की निम्मं काम झालं.

चांगल्या सिगारीत तंबाखूखेरीज दुसरं काही नसतं. कागद नाही, फिल्टर नाही. आत गाभ्याची पानं, ती धरून ठेवणारं बांधणीचं पान, आणि सगळ्यात वर दिसणारं वेष्टणाचं पान. गाभ्यात पानं अख्खी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली असली तर ती उंची सिगार. आत चुरा भरलेला असला तर ती स्वस्त, मग वर नावाची पट्टी कितीही सोनेरी असो. ही अख्खी पानंसुद्धा एकाच झाडाची एकाच उंचीवरची नसतात. शेंड्याकडचं पान उन्हात जाड होतं, जोर त्यात असतो, पण ते सावकाश जळतं, म्हणून ते मधोमध घालतात. मधलं पान सुगंधाला, खालचं पान नीट पेटावं म्हणून. वेष्टणाचं पान सगळ्यात महाग, कारण ते डागाशिवाय, भोकाशिवाय, बारीक शिरांचं लागतं. क्युबात आणि अमेरिकेच्या कनेटिकटमध्ये त्यासाठी शेतावर कापडाचा मांडव घालतात. इक्वेडोरमध्ये आकाशच इतकं ढगाळ की मांडवाचं काम ढग करतात.

मग वेळ. पान तोडल्यावर छपरात टांगून दीड-दोन महिने सुकवायचं. मग त्याच्या उंच राशी रचायच्या. रास आतून तापते, पान आंबतं, त्यातला अमोनिया निघून जातो. रास उलथायची, परत रचायची. नंतर मधली शीर हाताने काढायची आणि पान वर्ष, दोन वर्ष, कधी त्याहून जास्त मुरू द्यायचं. लोणचं मुरतं तसंच. अपुऱ्या आंबवलेल्या सिगारीला न पेटवताही गोठ्यासारखा दर्प येतो आणि पेटवली की घशाला मिरची लागते. हे सगळं झाल्यावर वळणारा माणूस बसतो. हाताने वळणारा कसबी कारागीर दिवसाला साधारण शंभर सिगारी वळतो. तुझ्या हातात पाच इंचांची एक रोबुस्टो येते तेव्हा तिच्यामागे तीन-चार वर्षं असतात. हे पैसे खरे आहेत. ते द्यायला मला कधी वाईट वाटलेलं नाही.

पण 4,600 आणि 1,500 यांच्यातला फरक या कामाचा नाही. निकाराग्वाच्या चांगल्या सिगारीतही एवढंच काम असतं. 1959 च्या क्रांतीनंतर क्युबातले कितीतरी तंबाखूवाले देश सोडून निकाराग्वा, होंडुरास, डोमिनिकन रिपब्लिक इथे गेले. बियाणं आणि हातातलं कसब दोन्ही घेऊन गेले. 1962 पासून अमेरिकेने क्युबाचा माल बंद केला, आणि ती मोठी बाजारपेठ या देशांनी सांभाळली. निकाराग्वातल्या एस्तेलीची जमीन ज्वालामुखीच्या राखेची, काळी, कसदार. तिथल्या पानाला मिरी आणि कोको यांच्या जवळची एक चव असते, मला ती आवडते. क्युबाच्या पिनार देल रिओ प्रांतात व्हुएल्ता आबाखो नावाचा लहानसा भाग आहे, तिथलं पान जास्त मऊ आणि गहिरं लागतं, तसं दुसरीकडे होत नाही हेही मी मानतो. पण ती चव तिप्पट नाही. वरचे पैसे टंचाईचे आणि नावाचे. त्यावर आपल्याकडे सीमाशुल्क, आणि वर पुन्हा जीएसटी. मूळ माल महाग असला की करही त्याच प्रमाणात चढतो, त्यामुळे दोन किमतींतली दरी अधिकच रुंद दिसते.

तरी 4,600 वाया जातात ते नावामुळे नाही. ते वाया जातात ठेवणुकीमुळे. हे मी स्वतःच्या खिशातून शिकलो. नोकरीतून मोकळा झालो तेव्हा मुंबईतल्या एका झगमगीत दुकानातून क्युबाची एक महागडी सिगार घेतली. वर दिवा, खाली मखमल, मधे ती. दांडिया बाजारातल्या वाड्याच्या गच्चीवर, हिवाळ्यातल्या रात्री, जेवणं आटोपल्यावर पेटवली. चौथ्या झुरक्याला वेष्टणाचं पान वाळल्या केळीच्या पानासारखं उभं चिरलं. धूर गरम, जीभ भाजली, चव कागदाची. तासभर चालायची ती वीस मिनिटांत संपली. त्या दुकानाने दिव्याखाली ठेवून ठेवून तिच्यातली सगळी माया सुकवून टाकली होती. पानाला, मातीला, वळणाऱ्याला कशालाच दोष नव्हता. एवढ्या जणांच्या चार वर्षांची माती एका दिव्याने केली, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून तू दुकानात गेलास की पट्टी वाचायच्या आधी ती जागा बघ. सिगार 65 ते 70 टक्के आर्द्रतेत आणि 18 ते 21 अंशांत राहिली पाहिजे. ती लाकडी अस्तराच्या बंद कपाटात आहे का, ज्याला ह्युमिडॉर म्हणतात? आत आर्द्रतामापक आहे का, आणि त्यावर आकडा काय? नुसत्या काचेच्या बरणीत काउंटरवर उभ्या केलेल्या असतील तर तिथून परत फीर. एसीची हवा कोरडी असते, 'आमच्याकडे एसी चालू असतो' हे उत्तर पुरेसं नाही. रात्री दुकान बंद झाल्यावर, वीज गेल्यावर काय होतं तेही विचार. खरा ठेवणारा माणूस या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खुलतो. मग खोका मागून घे. आपल्याकडे रीतसर आलेल्या मालावर चित्रासह धोक्याची सूचना, आयात करणाऱ्याचं नाव आणि छापील किंमत असते. हे काहीच नसेल तर तो माल चोरवाटेने आलाय, आणि वाटेत तो कुठल्या गोदामात किती उन्हात पडला होता ते कुणी सांगू शकत नाही.

खोका उघडल्यावर रांगेतल्या सिगारींचा रंग बघ. चांगल्या कारखान्यात त्या रंगाने लावून ठेवतात, एका टोकाला किंचित गडद आणि दुसऱ्या टोकाला किंचित फिकी, मधे कुठे उडी नाही. मग विचारून एक हातात घे. पानावर हलकी तुकतुकी हवी, तेल लावलेल्या लाकडासारखी. सुईच्या टोकाएवढं गोल भोक दिसलं तर ती खाली ठेव, तो तंबाखूचा भुंगेरा आहे, आणि त्या खोक्यातली दुसरीही घेऊ नकोस. आता अंगठा आणि तर्जनीत धरून, पायाकडून, म्हणजे पेटवायच्या टोकाकडून, डोक्याकडे, म्हणजे तोंडात धरायच्या टोकाकडे, अगदी हलकं दाबत जा. दबली पाहिजे आणि परत फुगली पाहिजे. कानाजवळ धरून दाबताना कुरकुर ऐकू आली तर ती वाळलेली. दाबल्यावर खळगा तसाच राहिला तर ती सादळलेली, पावसाळ्यातल्या पापडासारखी. मधेच एका जागी गाठ लागली तर गाभा नीट बसलेला नाही, तिथे धूर अडणार. शेवटी पायाचं उघडं टोक नाकाशी ने. मुरलेल्या पानाचा वास सुक्या गवताचा, लाकडाचा, थोडा गोडसर असतो. हे सगळं करायला सिगार ओढता यावी लागत नाही, मी खळीत हेच करत होतो.

या कसोटीला 4,600 ची क्युबन उतरली तर तीच घे. मामांनी 'एकदा हवानाची' असं म्हटलं आहे ना? ती इच्छा निकाराग्वाच्या सिगारीने पुरी व्हायची नाही, आणि साठी काही दुसऱ्यांदा येत नाही. ती कसोटीला उतरली नाही, आणि निकाराग्वाची उतरली, तर बेधडक निकाराग्वाच्या दोन घे. एक साठीला, एक दिवाळीला. चवीत मामांचं काहीही कमी होणार नाही. वाळलेली क्युबन मात्र 'हवानाची आहे' म्हणून घेऊ नकोस, दुकानदाराने भाव पाडला तरी नाही. मामा तुझ्यासमोर छान म्हणतील, आणि हवानाची सिगार अशी असते असा त्यांचा कायमचा समज होईल. कुणी नातेवाईक परदेशातून येणार असेल तर प्रवाशाला 25 सिगारींपर्यंत सवलत आहे. मोठ्या विमानतळावरच्या दुकानातून एक-दोन मागवणं हाही चांगला मार्ग, पण तिथेही खोका बघूनच घ्यायला सांग.

घेतलीस की खरी परीक्षा तुझी. बडोद्याचा मे म्हणजे 42 अंश, आणि 25 अंशांच्या वर गेलं की पानात दडलेली भुंगेऱ्याची अंडी उबतात. फ्रीजमध्ये ठेवू नकोस, तिथली हवा कोरडी, शिवाय मामांना फोडणीच्या वरणाची सिगार ओढावी लागेल. घरातला एक हवाबंद प्लॅस्टिकचा डबा घे, ज्यात कधी मसाला ठेवला नाही असा. धुऊन दोन दिवस उघडा वाळव. त्यात सिगारसाठी मिळणारी 65 किंवा 69 टक्क्यांची आर्द्रतेची पुडी टाक, ती लागेल तसा ओलावा सोडते आणि जास्त झाला तर शोषून घेते. ओला स्पंज किंवा बटाट्याची फोड असले उपाय लोक सांगतील, त्याने बुरशी येते. डबा आतल्या, सगळ्यात थंड खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेव. रात्री एसी लागतो ती खोली असेल तर उत्तम, बंद डब्याला एसीचा कोरडेपणा लागत नाही. आठवड्यातून एकदा मिनिटभर उघड, एवढं पुरे.

मामींशी आधी बोल, हे मी आग्रहाने सांगतो. एका मोठ्या सिगारीत सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. धूर छातीत घेतला नाही तरी निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं, आणि तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग सिगारनेही होतो. मी चरोतरात तंबाखूने गेलेली माणसं जवळून पाहिली आहेत, म्हणून हे हलकेपणाने लिहीत नाही. वर्षाला दोन हा मामांचा नेम चांगला आहे, तो तुझ्या भेटीने मोडता कामा नये. मामांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं, आणि ते नको म्हणाले तर भेट दुसरी काहीतरी. आणि तू, 'चव कळावी म्हणून' सुद्धा सुरू करू नकोस.

साठीच्या दिवशी हॉलमध्ये नाही, तिथे कायद्यानेही मनाई आहे. रात्री घरी, गच्चीवर, मुलं झोपल्यावर. उपाशीपोटी तर मुळीच नाही, भोवळ येते. श्रीखंड-पुरीच्या जेवणानंतर तासाभराने बरोबर. डोक्याकडची टोपी धारदार कात्रीने दोन मिलिमीटरच कापायची, जास्त कापली तर वेष्टण सुटतं. पेटवायच्या आधी एक कोरडा झुरका घेऊन वाट मोकळी आहे ना ते मामांना बघू दे. काडी पेटली की गंधक जळून जाऊ द्यायचं, मग ज्योत पानाला न टेकवता, पायाचं टोक फिरवत फिरवत शेकायचं. मिनिटाला एक झुरका, घाई नको. राख मुद्दाम झटकायची नाही, अख्ख्या पानाची राख इंचभर सहज टिकते. शेवटच्या तिसऱ्या भागात कडू लागायला लागली की ठेवून द्यायची. 4,600 ची आहे म्हणून बोटं भाजेपर्यंत ओढू नका असं मामांना माझ्यातर्फे सांग.

आता एक काम आजच कर. साधा आर्द्रतामापक आणशील तो खरं बोलतो का ते आधी तपासायला हवं, स्वस्तातले बरेचसे चार-पाच टक्के चुकतात. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घे, थेंबथेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं कर, विरघळू देऊ नकोस. ते झाकण आणि मापक दोन्ही त्या डब्यात ठेवून डब्याचं झाकण घट्ट लाव आणि 24 तास हात लावू नकोस. उघडायच्या आधी बाहेरूनच आकडा वाच. 75 दिसला पाहिजे. 71 दिसला तर पुढे प्रत्येक वेळी चार मिळवायचे. मीठ आज रात्री ठेव, उद्या रात्री आकडा कळव, मग आपण दुकानात कधी जायचं ते ठरवू.